साठीच्या आधीच विसरायला लागलं तर?

बातमीदारीत वीस वर्षं झाली. पोलीस ठाण्याकडून अधूनमधून एक पत्रक येतंच. अमुक वयाचा इसम राहत्या घरातून कोणास काही न सांगता निघून गेला आहे. रंग सावळा, अंगात पांढरा शर्ट, पायात स्लीपर. शेवटची ओळ ठरलेली, मानसिक स्थिती ठीक नाही. पुढच्या वेळी असं पत्रक दिसलं तर वय बघा. सत्तर-पंच्याहत्तर असेल तर लोक हळहळतात, ग्रुपवर फिरवतात. बावन्न-चोपन्न असेल तर खाली कमेंट येते, "कर्ज झालं असेल", "घरात भांडण झालं असेल", "पडला असेल कुठंतरी पिऊन".

मित्रांनो, पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा. विषय माझ्या घरातला आहे, पण घरापुरता नाही म्हणून इथं लिहितोय. ताईला विचारूनच लिहितोय. ती म्हणाली, "नाव-गाव टाकू नको, बाकी सगळं लिही. लोकांना एकदा कळू दे."

माझे दाजी आज ५६ वर्षांचे आहेत. अनुदानित शाळेत गणित शिकवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज इंजिनिअर आहेत, दोघं-तिघं तर ही पोस्टही वाचत असतील आणि ओळखतीलही. २०१९ च्या सुमाराला, पन्नाशीत, ते फळ्यावर उदाहरण सोडवता सोडवता मध्येच थांबायला लागले. हातचा घ्यायला विसरायचे. पेपर तपासताना गुणांची बेरीज चुकायची. दहावीची पोरं मागं हसायची. आधी वाटलं डोळे. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. मग लॉकडाऊन आलं, ऑनलाइन तासाला मुलगीच सगळं लावून द्यायची, त्यात वर्ष-दीड वर्ष झाकलं गेलं. एका डॉक्टरांनी टेन्शन म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. पाहुण्यातल्या एकानं बाहेरचं आहे म्हणून सांगितलं, अमावास्येला उताराही झाला. शेवटी पुण्याला नेलं. एमआरआय, रक्ताच्या तपासण्या आणि दीड तास चाललेली स्मरणशक्तीची परीक्षा. त्यात घड्याळ काढायला सांगतात, काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर दाखवायचे. दाजींनी वर्तुळ काढलं आणि बाराही आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं लिहिले. ज्या माणसानं पंचवीस वर्षं कंपासशिवाय फळ्यावर गोल काढला त्याचं हे घड्याळ होतं. शेजारी मुलगी बसली होती. ती तेव्हा अकरावीला होती.

निदान झालं अल्झायमर. तेव्हा वय ५२.

हे नाव ऐकलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "एवढ्या लवकर? तो म्हाताऱ्यांचा रोग ना?" डॉक्टर ६५ च्या आत सुरू झालेल्या डिमेन्शियाला लवकर सुरू झालेला म्हणून वेगळा धरतात. प्रमाण कमी असतं, पण असतो. गंमत म्हणजे ज्या आजाराला आपण म्हातारपणाचा म्हणतो त्याची वैद्यकातली पहिली नोंदच म्हाताऱ्या माणसाची नाही. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या दवाखान्यात ऑगस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला तपासलं. वय ५१. तिच्याच आजारावरून पुढे या रोगाला त्यांचं नाव लागलं. म्हणजे सुरुवातच पन्नाशीतल्या रुग्णापासून झाली होती.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. लवकर सुरू होणाऱ्या आजारात पहिलं लक्षण नेहमी विसरणं हेच असेल असं नाही. कुणाला हिशेब जमेनासा होतो, कुणाला शब्द सापडत नाहीत, कुणाचे डोळे ठणठणीत असून समोरची वस्तू ओळखता येत नाही. फ्रंटोटेम्पोरल नावाच्या प्रकारात तर स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत राहते आणि स्वभावच बदलतो. सभ्य माणूस चारचौघांत काहीही बोलायला लागतो, पैसे उधळतो, घरच्यांच्या सुखदुःखाचं त्याला काही वाटेनासं होतं. अशा माणसाला आपण काय म्हणतो? वाया गेला म्हणतो. बायको माहेरी जाते, भाऊ वाटणी मागतात, आणि आजार कुणाच्या ध्यानातही येत नाही.

इथं एक कामाचं सांगून ठेवतो. विसरभोळेपणा म्हणजे लगेच अल्झायमर नव्हे. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून आत रक्त साकळणं, अशा कारणांनीही माणूस तसाच वागायला लागतो, आणि हे उपचारानं सुधारू शकतं. आपल्या भागात शाकाहारी घरं कमी नाहीत, बी-१२ ची तपासणी तर साध्या लॅबमध्ये होते. म्हणून देवर्षी नंतर, आधी रक्त तपासा. अल्झायमर निघालाच तर त्याला पूर्ण बरं करणारं औषध आज नाही. गोळ्यांनी लक्षणं काही काळ थोडी सावरतात, एवढंच. बाकी सगळं काम घरच्या माणसाचं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हा आजार वाईट आहे, पण त्याला कुणाचा इलाज नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आपली सगळी व्यवस्था "साठी बुद्धी नाठी" या म्हणीवर उभी आहे. साठीनंतर बुद्धी गेली तर ठीक, तुमच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना आहे. साठीच्या आत गेली तर तुम्ही कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मोजणीपासूनच बघा. देशात डिमेन्शियाचे किती रुग्ण, याचा सगळ्यात चांगला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे ६० च्या पुढच्या लोकांत प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. मोठा आकडा आहे, भाषणातही वापरला जातो. पण तो अभ्यासच मुळी ६० च्या पुढच्यांचा होता. दाजी त्या ८८ लाखांत नाहीत. जे मोजलेच जात नाहीत त्यांच्यासाठी कोण तरतूद करणार?

गावात आशाताई घरोघर येऊन एक फॉर्म भरतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा. तंबाखू, कंबरेचा घेर, खोकला, गाठ, सगळं विचारतात. त्याच फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का? अगदी बरोबर प्रश्न आहे. पण तो फक्त साठीच्या पुढच्यांना विचारायचा आहे. दाजींचा फॉर्म भरला गेला तेव्हा त्यांना तंबाखूबद्दल विचारलं. तंबाखू ते आयुष्यात खात नव्हते. पत्त्याचं कुणी विचारलं नाही. यात आशाताईंचा काही दोष नाही, छापील फॉर्मच तसा आहे.

मग बाकीच्या योजना. मुख्यमंत्री वयोश्री ६५ च्या पुढे. वयावर मिळणारं आयुष्मानचं वेगळं कार्ड ७० च्या पुढे. एसटीत ज्येष्ठांना सवलत ६५ ला. २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे तपासणीला जाताना बरीच वर्षं ताईचं अर्धं आणि दाजींचं पूर्ण, असा आमचा हिशेब होता. १९६१ च्या आयकर कायद्यात तर आणखी मजा होती. ८० डीडीबी या कलमाखाली काही ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर वजावट मिळायची, त्या यादीत डिमेन्शियाचं नाव स्पष्ट होतं. पण रुग्ण साठीच्या आतला असेल तर कमाल ४० हजार, ज्येष्ठ असेल तर १ लाख. औषधाच्या दुकानात वय बघून बिल कमी करतात की काय, देव जाणे.

म्हाताऱ्यांना मिळतं ते काढून घ्या असं मी म्हणत नाही. त्यांनाही पुरेसं मिळत नाही. पण साठीच्या आत ज्याला हा आजार होतो त्याचा संसार ऐन भरात असतो. पोरं शिकत असतात, घराचे हप्ते चालू असतात, आई-वडील हयात असतात. दाजींची आई आज ८१ वर्षांची आहे आणि तिची स्मरणशक्ती लख्ख आहे. ती लेकाला घास भरवते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'अस्तु' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, मोहन आगाशेंनी काय काम केलंय त्यात! पण तो एका निवृत्त माणसाचा आजार आहे. निवृत्तीला सहा वर्षं बाकी असताना हे झालं तर काय होतं, ते आमच्या घरात बघायला मिळालं.

त्या नोकरीबद्दलच सांगतो, कारण इथं फसणारी घरं खूप असणार. निदान झाल्यावर ताईनं कागद शाळेत दिले. तिला वाटलं काहीतरी मार्ग काढतील. संस्थेनं मार्ग काढला तो असा, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तयार करून आणला आणि दाजींची सही घेतली. सही केली तेव्हा त्यांना तारीख लिहिता आली नाही, ती लिपिकानं लिहिली. ज्या माणसाला आज वार कुठला ते सांगता येत नाही त्याची ती "स्वेच्छा" होती. सगळे म्हणाले, मुलांचं नुकसान होतंय, तुम्हीच समजून घ्या. मुलांचं नुकसान होत होतं हे खरं आहे, दाजींनी वर्गावर राहावं असं आमच्यापैकी कुणाचंच म्हणणं नव्हतं.

पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २०(४) आहे. ते काय म्हणतं? नोकरीत असताना एखाद्याला अपंगत्व आलं तर त्याला कामावरून काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. आहे ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर आणि सवलतींवर दुसऱ्या कामावर घ्यायचं. तसंही काम नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, अधिसंख्य पदावर ठेवायचं. हे सरकारी आस्थापनेला लागू आहे आणि कायद्याच्या व्याख्येत सरकारी अनुदान घेणारी संस्थाही येते. म्हणजे वर्गावर न पाठवताही ५८ पर्यंत पगार चालू ठेवण्याची वाट कायद्यानं काढून ठेवली होती. सही झाली आणि ती वाट बंद झाली. आज निवृत्तिवेतन पगाराच्या जवळपास निम्मं येतं. त्यात औषधं, डायपर, मुलीचं कॉलेज, मुलाची बारावी.

त्यामुळे ज्यांच्या घरात असं काही सुरू आहे त्यांना हात जोडून सांगतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत राजीनामा, स्वेच्छानिवृत्ती, कशावरही सही होऊ देऊ नका. वैद्यकीय रजा टाका, बिनपगारी टाका, वकिलाला विचारा. साहेब लोक गोड बोलतात तेव्हा जास्तच सांभाळा.

प्रमाणपत्राचंही सोपं नाही. कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यात पार्किन्सनचं नाव आहे, मल्टिपल स्क्लेरोसिसचं आहे, डिमेन्शियाचं नाही. मानसिक आजाराची जी व्याख्या आहे तिच्यात स्मृतीचा उल्लेख आहे, त्यातून मार्ग निघतो. पण खिडकीवरच्या माणसाला हे माहीत असलं पाहिजे ना! आम्हाला एका ठिकाणी सांगितलं, हा मेंदूचा आजार आहे, मेंदूवाल्या डॉक्टरांकडे जा. मेंदूवाल्यांनी सांगितलं, यादीत नाव नाही, मानसोपचारवाल्यांकडे जा. दोघंही आपापल्या परीनं बरोबर. चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला गाडी करावी लागायची, कारण एसटीत दाजी मध्येच उठून उतरायला जातात. एका फेरीत रांगेत त्यांना लघवी झाली. ताईनं स्वतःची ओढणी त्यांच्या कमरेला बांधली आणि नंबर सोडला नाही. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, पण तोपर्यंत शाळेचं प्रकरण संपलं होतं.

बँकेची कथा वेगळी. पगाराचं खातं दाजींच्या एकट्याच्या नावावर. पिन ते विसरले, सही जुळेना. ताईला सांगितलं, मुखत्यारपत्र करून आणा. आता ऐका, मुखत्यारपत्र हा आपल्याकडे सगळ्यांना रामबाण वाटतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ बघा. ज्यानं मुखत्यार नेमला त्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्यारपत्र आपोआप संपतं. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज लागते त्याच दिवशी ते निरुपयोगी होतं. बुद्धी गेल्यावरही चालू राहील अशा मुखत्यारपत्राची सोय कित्येक देशांनी केली आहे, आपण नाही. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची समिती पालक नेमू शकते, पण त्या चारांत डिमेन्शिया नाही. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. तालुक्याच्या कचेरीत तिच्याबद्दल विचारून बघा, समोरचा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत राहील. मुंबई उच्च न्यायालयानं डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी घरच्या माणसाला पालक नेमल्याची उदाहरणं आहेत. पण नवऱ्याच्या पगारातून गॅसचं बिल भरायला बायकोनं हायकोर्टात जायचं?

म्हणून निदान झाल्या झाल्या, माणसाला समजतंय तोवर, खाती दोघांच्या नावावर करा, दोघांपैकी कुणालाही काढता येतील अशी. नॉमिनी बघा, मृत्युपत्र करायचं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडून करा. हे बोलणं अवघड असतं, अभद्र वाटतं. तरी करा.

आता घरातलं. "घरीच सांभाळतो आम्ही" हे वाक्य आपण अभिमानानं बोलतो. त्या वाक्यातला "आम्ही" कोण असतो ते एकदा नीट बघा. आमच्याकडे ती माझी ताई आहे. वय ५१. फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवते, आधी महिन्याला चाळीस ब्लाऊज व्हायचे, आता दहा झाले तरी पुष्कळ.

दाजी पहाटे तीन-साडेतीनला उठतात आणि शाळेची तयारी करायला लागतात. शर्टावर शर्ट घालतात. दाराला आतून वर कडी केली आहे, खालची ते उघडतात. ताई सांगत नाही की शाळा सुटली, तुम्ही निवृत्त झालात. सुरुवातीला सांगायची, तेव्हा ते रोज नव्यानं ऐकायचे आणि रोज नव्यानं रडायचे. आता ती म्हणते, "आज सुट्टी आहे हो, चहा घ्या." चहा झाला की शांत होतात. रेग्युलेटर रात्री काढून ठेवायचा, कारण एकदा शेगडी नुसतीच चालू करून ते उभे होते. आंघोळीला दीड तास लागतो. अंगावर पाणी पडलं की घाबरतात, म्हणून आधी पायावर, मग हातावर, तिसरा तांब्या खांद्यावर. आरशावर चादर टाकली आहे, त्यातल्या माणसाला ते "सर, बसा ना" म्हणत उभे राहायचे. संध्याकाळी दिवेलागणीला बेचैनी वाढते, ही वेळ सगळ्यात वाईट. तेव्हा मुलगा त्यांना घेऊन स्टँडपर्यंत चालून येतो. पन्नाशीतला माणूस धडधाकट असतो, आठ-आठ किलोमीटर चालतो, धरून ठेवायचा म्हटला तर ताईच्यानं आवरत नाही. शर्टाच्या आतून नाव आणि फोन नंबर शिवलाय. ते काम ताईनंच केलं, बटणाच्या पट्टीखाली, बाहेरून दिसू नये म्हणून.

मदतनीस ठेवा, असं पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर सांगतात. आपल्या गावात आजारी पुरुषाला सांभाळणारा माणूस मिळत नाही. बाळंतिणीला मावशी मिळतील, म्हातारीला मिळतील. एकजण आला होता, तीन दिवसांत गेला. म्हणाला, "मास्तर मला मारतात." मारतात हे खरं आहे, ताईलाही मारलंय. हे लिहू का म्हणून विचारलं तर ती गप्प बसली, मग म्हणाली, "लिही. ते नव्हेत ते."

पाहुण्यांचं एक वेगळंच. दहा मिनिटांसाठी कुणी आलं की दाजी सावरून बसतात, "या, कसं काय, पाऊस-पाणी?" विचारतात. आलेला माणूस बाहेर पडून म्हणतो, "मला तर बरे वाटले की. हीच जरा जास्त करते." हे ऐकून ताई जेवत नाही त्या दिवशी. तिचं बीपी वाढलंय, दोन वर्षांत ती कुठल्या लग्नाला गेलेली नाही.

आणि कृपा करून मला "पूर्वी एकत्र कुटुंबं होती, तेव्हा असले प्रश्न नव्हते" हे सांगू नका. प्रश्न तेव्हाही होते. घरातली एक सून दिवसरात्र ते करत होती आणि तिला कुणी विचारत नव्हतं, म्हणून बाहेर दिसले नाहीत.

पोरांबद्दल थोडंच लिहितो. मुलीचं शिक्षण संपत आलंय. मध्यस्थ आडून विचारतात, "वडलांचं ते... पुढं येतं का?" खरं उत्तर असं की आई-वडिलांकडून थेट येणारा अल्झायमर जगात असतो, पण तो फार थोड्या घराण्यांत, जिथं पिढ्यान् पिढ्या ऐन चाळिशी-पन्नाशीत लोकांना हेच होत आलंय. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तसं नसतं. दाजींच्या घराण्यात मागं असं कुणालाच झालेलं नाही. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, त्या पोरीला नको.

सरकारनं काय करावं हे सांगायला मी तज्ज्ञ नाही, पण दुसरीकडे काय झालंय ते सांगू शकतो. आपल्या शेजारी गोव्यात संशोधकांनी एक प्रयोग केला, २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्थानिक, साध्या शिकलेल्या माणसांना प्रशिक्षण दिलं आणि डिमेन्शियाच्या रुग्णाच्या घरी पाठवलं. ती घरच्यांना आजार समजावून सांगायची, रोजची कामं कशी करून घ्यायची ते दाखवायची, सांभाळणाऱ्या बाईचं ऐकून घ्यायची. गरज लागली तर डॉक्टर. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झालेला दिसला. महागडी मशीन नाही, मोठी इमारत नाही. केरळनं २०१४ मध्येच राज्याच्या पातळीवर डिमेन्शियासाठी उपक्रम हाती घेतला. आपल्याकडे आशाताई आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, उपजिल्हा रुग्णालयाची इमारत आहे. महिन्यातून एक दुपार स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी राखून ठेवायला कुठल्या विधेयकाची गरज आहे? अपंगत्वाच्या शिबिरात डिमेन्शियाचा अर्ज कुठल्या खिडकीवर घ्यायचा, हे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवता येईल. नगरपालिकेचं विरंगुळा केंद्र दुपारी कुलूप लावून पडलेलं असतं. तिथं आठवड्यातून दोन दुपारी चार-पाच रुग्णांना बसवता आलं, तरी ताईसारख्या बाईला दोन ब्लाऊज शिवता येतील, नाहीतर नुसतं झोपता येईल. ती मागते काय, तर दोन तास झोप.

आपण चौकाच्या सुशोभीकरणासाठी भांडतो. भांडायलाच पाहिजे. त्या यादीत हेही घाला एवढंच माझं म्हणणं आहे. निवडणुका आल्या की उमेदवार दारात येतील, तेव्हा विचारा.

तोवर काय करता येतं ते सांगतो. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, फुकट आहे, सांभाळणाऱ्यांनीही लावला तरी चालतो. ताईनं एकदा रात्री दीड वाजता लावला होता, पलीकडच्या मुलीनं वीस मिनिटं ऐकून घेतलं.

उपजिल्हा रुग्णालय आणि नगरपालिकेसाठी निवेदन तयार केलंय. सोमवारपासून माझ्या ऑफिसात सह्यांसाठी ठेवतोय, सकाळी अकरा ते दुपारी दोन. मेडिकल असोसिएशनमधले दोन डॉक्टर बरोबर यायला तयार आहेत. आपल्या तालुक्यात साठीच्या आत हा आजार झालेली आणखी तीन घरं मला आतापर्यंत सापडली. एक शिवणकाम करणारी बाई आहे, वय ४८. तुमच्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल तर इनबॉक्सला सांगा, नाव कुठंही जाणार नाही.

आणि कमेंटमध्ये तेल, काढा, बाबा सुचवू नका. ते सगळं करून झालंय.